वेलँडवर जाताना: आपला लिनक्स डेस्कटॉप तयार आहे का, ते कसं तपासायचं

आज फेडोरा किंवा उबुंटूची ताजी आवृत्ती नव्याने बसवली, तर लॉगिन केल्यावर तुम्ही आपोआप वेलँडवर येता. प्रोग्रामांच्या विंडो स्क्रीनवर दाखवणारी ही नवी व्यवस्था; एक्स११ ही तिच्या आधीची. ग्नोम या डेस्कटॉपच्या ४९व्या आवृत्तीत (सप्टेंबर २०२५) एक्स११चं सेशन मुळातच बंद ठेवलेलं आहे. उबुंटू २५.१० मध्ये ग्नोमसाठी ते निवडायलाच मिळत नाही. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० मधून एक्स११ चालवणारा एक्सऑर्ग सर्व्हर काढून टाकला आहे, आणि प्लाझ्मा या आपल्या डेस्कटॉपमध्ये ६.८ पासून फक्त वेलँड राहील असं केडीईने जाहीर केलं आहे. त्यामुळे जायचं की नाही, हा प्रश्न बऱ्याच जणांपुरता निकालात निघाला आहे. तुमचं ग्राफिक्स कार्ड, तुमचा डेस्कटॉप आणि तुमचे रोजचे प्रोग्राम यांचं वेलँडवर नीट जमतं का, एवढंच बघायचं उरतं. ते कसं तपासायचं, अडलं तर कुठे शोधायचं आणि कोणी अजून थोडं थांबावं, हे इथे क्रमाने दिलं आहे.

कमांड, फाइली आणि मेन्यू यांची नावं या लेखात उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत लिहायची. वेगळं सांगितलं नसेल तिथे लहान अक्षरांत.

## नेमकं काय बदललं

एक्स विंडो सिस्टिम १९८४ साली एमआयटीत सुरू झाली. तिची अकरावी आवृत्ती, म्हणजे एक्स११, १९८७ची. तीच आजवर चालत आली. तिच्यात एक्स सर्व्हर मध्यभागी बसतो. कीबोर्ड आणि माउसकडून आलेलं सगळं तो घेतो आणि प्रोग्रामांना वाटून देतो. विंडोंची मांडणी करणारा विंडो मॅनेजर आणि सगळ्या विंडो जोडून स्क्रीनवरचं अंतिम चित्र बनवणारा कंपोझिटर हे त्याच्या बाहेरचे, वेगळे प्रोग्राम.

वेलँडची सुरुवात २००८ साली क्रिस्टियन हॉग्सबर्ग यांनी केली. त्यात मधला सर्व्हर काढून टाकला आणि त्याचं काम थेट कंपोझिटरकडे दिलं. ग्नोममध्ये हा कंपोझिटर म्हणजे मटर, प्लाझ्मात केविन, स्वेमध्ये स्वे स्वतःच. कंपोझिटर आणि प्रोग्राम यांनी एकमेकांशी कसं बोलायचं, याचे नियम म्हणजे वेलँड. म्हणून 'वेलँडवर अमुक चालत नाही' असं कोणी म्हटलं की पहिला प्रश्न विचारायचा: कोणत्या डेस्कटॉपवर आणि कितव्या आवृत्तीत? प्लाझ्मावर तीन वर्षांपूर्वी सुटलेली अडचण दुसऱ्या कंपोझिटरवर आजही शिल्लक असू शकते.

दुसरा फरक सुरक्षेचा, आणि तो नीट समजून घेतला की पुढच्या निम्म्या तक्रारींचा उलगडा होतो. एक्स११वर चालणारा कुठलाही प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्राममध्ये दाबलेली प्रत्येक की वाचू शकतो आणि सगळ्या स्क्रीनचं चित्र घेऊ शकतो, कोणालाही न विचारता. तुम्ही पासवर्ड टाइप करत असताना मागे उघडा असलेला एखादा खेळसुद्धा. वेलँडवर प्रोग्रामला फक्त स्वतःची विंडो दिसते. स्क्रीन शेअर करणं, सगळीकडे चालणारा शॉर्टकट लावणं, दुसऱ्या विंडोत आपोआप टाइप करणं, या सगळ्यांसाठी आता परवानगी मागावी लागते आणि त्यासाठी वेगळा मार्ग बांधावा लागला. तो मार्ग ज्या प्रोग्रामांनी अजून धरलेला नाही, तेच अडतात.

## पायरी १: आत्ता तुम्ही कशावर आहात

ग्नोममध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट, मग सिस्टिम डिटेल्स उघडा. 'विंडोइंग सिस्टिम' या ओळीत उत्तर आहे. प्लाझ्मात सिस्टिम सेटिंग्जमधलं 'अबाउट धिस सिस्टिम' उघडून 'ग्राफिक्स प्लॅटफॉर्म' ही ओळ बघा. इतर डेस्कटॉपवर टर्मिनलमध्ये 'एको' लिहून, एक जागा सोडून, डॉलरचं चिन्ह आणि त्याला चिकटून एक्सडीजी, सेशन, टाइप हे तीन शब्द कॅपिटल अक्षरांत अंडरस्कोरने जोडून लिहा. उत्तर 'वेलँड' किंवा 'एक्स११' असं येईल.

सेशन बदलायचं तर लॉगआउट करा. नुसता स्क्रीन लॉक करून भागत नाही. ग्नोमच्या लॉगिन स्क्रीनवर आधी आपल्या नावावर क्लिक करा. पासवर्डची चौकट आली की खाली उजव्या कोपऱ्यात दातेरी चाक दिसतं. नाव निवडायच्या आधी ते दिसत नाही, आणि नवखे बहुतेक इथेच अडतात. त्यात नुसतं 'ग्नोम' किंवा 'उबुंटू' म्हणजे वेलँड. 'ऑन एक्सऑर्ग' अशी पुढे जोड असेल तर ते एक्स११. प्लाझ्मात लॉगिन स्क्रीनच्या खालच्या कडेला सेशनची यादी मिळते.

चाक दिसतच नसेल तर मशीनवर एकच सेशन बसवलेलं आहे. यादीत वेलँड नसेल तर जीडीएमची (ग्नोमची लॉगिन स्क्रीन दाखवणाऱ्या प्रोग्रामची) कस्टम-डॉट-कॉन्फ ही फाइल उघडा. ती ईटीसी फोल्डरात, फेडोरावर जीडीएम आणि उबुंटूवर जीडीएम३ या फोल्डरात असते. तिच्यात 'वेलँडएनेबल' पुढे 'फॉल्स' लिहिलेलं असेल तर त्या ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाका आणि मशीन रीस्टार्ट करा. जुन्या एखाद्या सल्ल्यावरून ही ओळ कधीतरी टाकलेली असते आणि मग तशीच राहून जाते.

## पायरी २: ग्राफिक्स कार्ड

'एलएसपीसीआय' ही कमांड 'वजा के' या पर्यायासह चालवा आणि व्हीजीए किंवा थ्रीडी कंट्रोलरच्या खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' समोर काय आहे ते बघा. 'आय९१५', 'एक्सई' किंवा 'एएमडीजीपीयू' असेल तर थेट पुढच्या पायरीवर जा. इंटेल आणि एएमडीचे ड्रायव्हर कर्नल आणि मेसा या ग्राफिक्सच्या मुक्त संचामध्येच येतात. वेगळं काही करावं लागत नाही.

'एनव्हिडिया' दिसलं तर थांबून ड्रायव्हरचा आकडा बघा. 'एनव्हिडिया-एसएमआय' कमांडच्या पहिल्या ओळीत तो मिळतो. यात दोन टप्पे महत्त्वाचे. ४९५ या आवृत्तीत (२०२१) ड्रायव्हरला जीबीएमचा आधार मिळाला. इतर सगळे ड्रायव्हर चित्रासाठी मेमरी याच पद्धतीने घेत होते. त्यानंतर ५५५मध्ये (२०२४) एक्स्प्लिसिट सिंक आलं.

हे दुसरं थोडं समजावून सांगण्यासारखं आहे. प्रोग्राम चित्र काढून होण्याआधीच कंपोझिटरने ते स्क्रीनवर ठेवलं, तर अर्धवट किंवा आधीची फ्रेम क्षणभर चमकते. इंटेल आणि एएमडीच्या ड्रायव्हरांत कर्नल हा क्रम आपोआप सांभाळत होता. एनव्हिडियाचा ड्रायव्हर तसं करत नव्हता. त्यामुळे टाइप करताना अक्षरं मागे-पुढे उडाल्यासारखी दिसायची, विशेषतः जुन्या पद्धतीच्या प्रोग्रामांत. एक्स्प्लिसिट सिंकमध्ये 'चित्र पूर्ण झालं' हा निरोप उघडपणे दिला जातो. मात्र त्यासाठी साखळीतल्या सगळ्या कड्या नव्या हव्यात: ड्रायव्हर ५५५ किंवा पुढचा, एक्सवेलँड (एक्स११चे प्रोग्राम वेलँडवर चालवणारा पूल) २४.१, आणि मटर ४६.१ किंवा केविन ६.१. यातलं एक जुनं राहिलं तरी लुकलुक चालूच राहते. ड्रायव्हर नवा केला पण डिस्ट्रो (फेडोरा, उबुंटू यांसारखा लिनक्सचा संच) जुनीच ठेवली, तर 'नवा ड्रायव्हर घालूनही काही फरक पडला नाही' ही तक्रार येते ती यामुळे.

जुन्या कार्डांचं काय? जीफोर्स ६०० आणि ७०० मालिकेतली केप्लर कार्डं ४७० ड्रायव्हरवर थांबली आहेत आणि त्यात जीबीएम नाही. तिथे एक्स११वर राहावं किंवा नूवो हा मुक्त ड्रायव्हर वापरून बघावा. जीफोर्स ९०० आणि १००० मालिका ५८० या शाखेपर्यंत चालते आणि तिच्यात वर सांगितलेलं सगळं आहे, म्हणून त्या कार्डांवर वेलँडला हरकत नाही.

स्क्रीन काळी राहत असेल तर मोडसेट (स्क्रीनची मांडणी कर्नलकडे देणारा ड्रायव्हरचा पर्याय) चालू आहे का ते तपासा. सिस, मॉड्यूल, एनव्हिडिया अंडरस्कोर डीआरएम, पॅरामीटर्स या मार्गावरची 'मोडसेट' नावाची फाइल सुडोने वाचली की कॅपिटल 'वाय' यायला हवं. 'एन' आलं तर ग्रबमधल्या (मशीन सुरू करणाऱ्या बूटलोडरमधल्या) कर्नलच्या ओळीत एनव्हिडिया-डीआरएम, डॉट, मोडसेट, बरोबर, १ असं सलग, मध्ये जागा न सोडता जोडा, ग्रब अपडेट करा आणि रीस्टार्ट करा.

झोपेतून उठवल्यावर चित्र विस्कटलेलं किंवा काळं येतं, त्याचं कारण वेगळं असतं: सस्पेंड होताना कार्डाच्या मेमरीतला मजकूर जपला जात नाही. त्यासाठी 'प्रिझर्व्ह व्हिडिओ मेमरी अॅलोकेशन्स' हा एनव्हिडिया मॉड्यूलचा पर्याय १ करावा लागतो आणि एनव्हिडिया-सस्पेंड, एनव्हिडिया-रिझ्यूम, एनव्हिडिया-हायबरनेट या सिस्टमडीच्या तिन्ही सेवा चालू असाव्या लागतात. काही डिस्ट्रो हे आपणहून करून देतात, काही देत नाहीत.

दोन कार्डांच्या लॅपटॉपवर आणखी एक गोष्ट बघायची. बाहेरच्या मॉनिटरचं पोर्ट बऱ्याचदा एनव्हिडियाला जोडलेलं असतं आणि डेस्कटॉप मात्र इंटेलवर रंगवला जातो. प्रत्येक फ्रेम एका कार्डावरून दुसऱ्यावर न्यावी लागते आणि त्या मॉनिटरवर माउस जड वाटतो. दुसरं पोर्ट मिळत असेल, विशेषतः यूएसबी-सी, तर आधी ते वापरून बघा.

## पायरी ३: तुमचा डेस्कटॉप कुठवर आला आहे

ग्नोम आणि प्लाझ्मा ६ रोजच्या कामाला पूर्ण तयार आहेत, असं आम्ही निःशंकपणे सांगतो. ग्नोमचं वेलँड फेडोरा २५पासून (२०१६) मूळ सेशन आहे, म्हणजे जवळपास दहा वर्षांचा वापर त्यामागे आहे. प्लाझ्माने फेब्रुवारी २०२४मध्ये ६.० आवृत्तीपासून वेलँडला पहिली पसंती दिली. प्लाझ्मा ५.२७ वेलँडवर चालतो, पण डेबियन १२वर तुम्ही असाल तर सरळ डेबियन १३ घ्या: तिथे प्लाझ्मा ६.३ आणि ग्नोम ४८ मिळतात आणि दोन्हींतला फरक डोळ्यांना दिसतो.

एक्सएफसीई ४.२०चा (डिसेंबर २०२४) वेलँड आधार अजून प्रायोगिक आहे. त्याचा स्वतःचा विंडो मॅनेजर वेलँडवर आलेला नाही, लॅबडब्ल्यूसी किंवा वेफायर या कंपोझिटरांची मदत घ्यावी लागते. सिनॅमनचं वेलँड सेशनही ६.० आवृत्तीत प्रायोगिक म्हणूनच आलं. या दोन डेस्कटॉपवर काम अडत नसेल तर एक्स११ सोडायची घाई करू नका. एलएक्सक्यूटी २.१पासून वेगवेगळ्या कंपोझिटरांवर चालतं. रास्पबेरी पाय ओएस ऑक्टोबर २०२४पासून सगळ्या मॉडेलांवर लॅबडब्ल्यूसी वापरते आणि तिथे वेगळं काही करायची गरज नाही. आय३ हा विंडो मॅनेजर वापरणाऱ्यांना स्वे जवळचं वाटेल, कारण आय३ची कॉन्फिग फाइल त्यात बरीचशी तशीच चालते.

## पायरी ४: कोणता प्रोग्राम कुठे चालतोय

वेलँड न समजणारे प्रोग्राम एक्सवेलँड या पुलावरून चालतात. तो गरज पडताच आपोआप सुरू होतो. बहुतेक प्रोग्राम तिथे व्यवस्थित चालतात, पण अस्पष्ट अक्षरं, स्क्रीन शेअर न होणं, टायपिंगची अडचण यातल्या बऱ्याच गोष्टी तिथूनच उगवतात. म्हणून कोण पुलावर आहे हे माहीत असलेलं बरं.

'एक्सएलएसक्लायंट्स' ही कमांड एक्सवेलँडवर चालणाऱ्या प्रोग्रामांची यादी देते. डोळ्यांनी बघायचं असेल तर 'एक्सआइज' बसवा. उबुंटू आणि डेबियनवर ते एक्स११-अॅप्स या पॅकेजमध्ये येतं. स्क्रीनवर दोन डोळे येतात. माउस संशयित विंडोवर फिरवा. बुबुळं माउसच्या मागे फिरली तर तो प्रोग्राम एक्सवेलँडवर आहे. जागच्या जागी थिजून राहिली तर तो खऱ्या वेलँडवर आहे. एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या विंडोवरचा माउससुद्धा दिसत नाही, हे इथे प्रत्यक्ष बघायला मिळतं.

फायरफॉक्स १२१पासून (डिसेंबर २०२३) वेलँडवरच सुरू होतो. पत्त्याच्या जागी 'अबाउट', कोलनचं चिन्ह, 'सपोर्ट' असं सलग लिहून 'विंडो प्रोटोकॉल' ही ओळ बघा. लिबरऑफिस आणि गिंप ३.० यांची चिंता नको. वाइन ९.०मध्ये वेलँडचा ड्रायव्हर आला, तरी विंडोजचे प्रोग्राम आणि खेळ सध्या एक्सवेलँडवरूनच चालवावेत; तिथे ते चांगले चालतात.

इलेक्ट्रॉनवर (क्रोमियम ब्राउझरवर आधारलेल्या तंत्रावर) बांधलेले प्रोग्राम, म्हणजे बरेचसे चॅट आणि कोड एडिटर, ही नवख्यांची मुख्य डोकेदुखी. इलेक्ट्रॉन ३८पासून ते आपोआप वेलँडवर सुरू होतात. त्याआधीच्या, २८ ते ३७ या आवृत्त्यांना 'इलेक्ट्रॉन ओझोन प्लॅटफॉर्म हिंट' हे व्हेरिएबल समजतं. होम फोल्डरमधल्या डॉट-कॉन्फिगच्या आत 'एन्व्हायर्नमेंट-डॉट-डी' असं फोल्डर करा, त्यात 'डॉट-कॉन्फ'ने संपणारी कुठल्याही नावाची फाइल बनवा आणि तिच्यात हे चार शब्द कॅपिटलमध्ये अंडरस्कोरने जोडून, पुढे बरोबरचं चिन्ह आणि 'ऑटो' अशी एक ओळ टाका. 'एक्सपोर्ट' हा शब्द लिहायचा नाही, तो असला तर ती ओळ लागू होत नाही. मग लॉगआउट करून परत या. पूर्वी अशा ओळी 'एक्सप्रोफाइल' किंवा 'एक्सइनिटआरसी' या फाइलींत टाकत. त्यांच्यावर वेलँडमध्ये भिस्त ठेवता येत नाही.

## पायरी ५: अक्षरं अस्पष्ट दिसतात

लॅपटॉपच्या १२५ किंवा १५० टक्के स्केलवर हे हमखास दिसतं. एक्स११मध्ये सगळ्या मॉनिटरांना मिळून एकच स्केल धरावं लागे. वेलँडवर प्रत्येक मॉनिटरला स्वतंत्र स्केल देता येतं, आणि दोन वेगळ्या घनतेचे मॉनिटर लावणाऱ्यांनी निव्वळ एवढ्यासाठी वेलँडवर यावं. नोव्हेंबर २०२२मध्ये अपूर्णांकी स्केलसाठी वेगळा प्रोटोकॉल आला. तेव्हापासून प्रोग्रामला '१५० टक्के' असा नेमका आकडा कळतो आणि तो अक्षरं थेट त्याच मापात काढतो.

एक्सवेलँडला हे कळत नाही. कंपोझिटर त्या प्रोग्रामचं १०० टक्क्यांचं चित्र ताणून मोठं करतो आणि ते फोटो ताणल्यासारखं पुसट दिसतं. प्लाझ्मात उपाय सोपा आहे: सिस्टिम सेटिंग्जमधल्या 'डिस्प्ले अँड मॉनिटर' पानावर 'लेगसी अॅप्लिकेशन्स' समोर 'अप्लाय स्केलिंग देमसेल्व्ह्ज' निवडा. जे प्रोग्राम स्वतः मोठे होऊ शकतात ते स्पष्ट दिसतील. ज्यांना ते जमत नाही ते बारीक राहतील. ग्नोममध्ये ४७व्या आवृत्तीपासून मटरच्या प्रायोगिक सुविधांत 'एक्सवेलँड नेटिव्ह स्केलिंग' आहे. पण कुठल्याही उपायाआधी तो प्रोग्राम थेट वेलँडवर येतो का ते बघा, म्हणजे पायरी ४. बऱ्याचदा तेवढ्याने काम होतं.

## पायरी ६: स्क्रीन शेअरिंग

मीटिंग सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी हे तपासायचं नसतं. आजच एखादी चाचणी मीटिंग उघडून बघा.

ब्राउझरमध्ये शेअरचं बटण दाबलं की डेस्कटॉपची स्वतःची चौकट उघडायला हवी आणि तिच्यात स्क्रीन व विंडोंची निवड मिळायला हवी. ही चौकट ब्राउझरची नसते. ती एक्सडीजी डेस्कटॉप पोर्टल, म्हणजे प्रोग्रामांच्या वतीने परवानगी विचारणारी सेवा दाखवते, आणि तुम्ही निवडलेलं चित्र पाइपवायरमधून ब्राउझरकडे जातं. काही ब्राउझर त्यानंतर स्वतःचीही चौकट दाखवून पुन्हा विचारतात. त्यात बिघाड काही नाही, दोन्हीकडे 'शेअर' म्हणा.

चौकट उघडलीच नाही तर पोर्टलमध्ये गडबड आहे. 'सिस्टमसीटीएल' कमांड 'दोन वजा यूजर' आणि 'स्टेटस' या शब्दांसह चालवून तीन सेवा तपासा: एक्सडीजी-डेस्कटॉप-पोर्टल, पाइपवायर, वायरप्लंबर. त्यासोबत डेस्कटॉपचा जोडीदार पोर्टलही बसवलेला हवा. ग्नोमसाठी नावाच्या शेवटी '-ग्नोम', प्लाझ्मासाठी '-केडीई', स्वेसाठी '-डब्ल्यूएलआर'. एकाच मशीनवर ग्नोम आणि स्वे दोन्ही टाकणाऱ्यांकडे चुकीचा जोडीदार उत्तर द्यायला पुढे येतो. स्वेमध्ये 'वेलँड डिस्प्ले' आणि 'एक्सडीजी करंट डेस्कटॉप' ही व्हेरिएबल्स सिस्टमडीच्या यूजर सेवांपर्यंत पोचवणारी ओळ कॉन्फिगमध्ये लागते. ती नसेल तर पोर्टल सुरू होताना बराच वेळ अडून राहतं आणि प्रोग्रामही उशिरा उघडतात.

चौकट येते पण समोरच्याला काळं दिसतं, किंवा फक्त एक-दोन विंडो काळ्या पडद्यावर तरंगताना दिसतात? मग मीटिंगचा प्रोग्राम एक्सवेलँडवर आहे आणि त्याला फक्त पुलावरचे शेजारी दिसत आहेत. तीच मीटिंग ब्राउझरमध्ये उघडणं हा सर्वांत खात्रीचा उपाय. ओबीएस या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये जुना 'एक्सशेम' स्रोत काढून 'स्क्रीन कॅप्चर (पाइपवायर)' हा स्रोत घाला.

## पायरी ७: देवनागरी टायपिंग

इन्स्क्रिप्ट वापरत असाल तर अडचण येऊ नये, कारण तो कीबोर्ड लेआउट थेट कंपोझिटर सांभाळतो. ग्नोममध्ये सेटिंग्ज, कीबोर्ड, इनपुट सोर्सेस इथे मराठी जोडा आणि सुपर+स्पेसने बदला.

फोनेटिक पद्धतीला, म्हणजे रोमन अक्षरं दाबून देवनागरी उमटवायला, इनपुट मेथड लागते. ग्नोममध्ये आयबस आतच जोडलेला आहे. 'आयबस-एम१७एन' पॅकेज टाकून एकदा लॉगआउट केलं की मराठीचे फोनेटिक पर्याय यादीत येतात. प्लाझ्मात एफसीटीएक्स५ बसवा, मग सिस्टिम सेटिंग्जमध्ये 'व्हर्च्युअल कीबोर्ड' या पानावर 'एफसीटीएक्स ५' निवडा. पानाच्या नावामुळे बरेच जण ते उघडूनच बघत नाहीत, आणि ही निवड केली नाही तर वेलँडवरच्या प्रोग्रामांत देवनागरी उमटत नाही किंवा पर्यायांची पट्टी भलत्याच जागी उघडते. एक्स११च्या काळात टाकलेली 'जीटीके आयएम मॉड्यूल' आणि 'क्यूटी आयएम मॉड्यूल' ही व्हेरिएबल्स प्लाझ्मावर काढून टाका. 'एक्समॉडिफायर्स' मात्र ठेवा, एक्सवेलँडच्या प्रोग्रामांना ते लागतं.

फायरफॉक्समध्ये मराठी उमटतं आणि क्रोमियमच्या वंशातल्या प्रोग्राममध्ये रोमनच राहतं, असं झालं तर तो प्रोग्राम 'एनेबल-वेलँड-आयएमई' या पर्यायासह सुरू करा. ग्नोमवर सोबत 'वेलँड-टेक्स्ट-इनपुट-व्हर्जन' बरोबर ३ हेही द्या. दोन्ही पर्यायांच्या आधी दोन वजा चिन्हं येतात.

## जुन्या कमांड आणि स्क्रिप्ट

तुमच्या स्क्रिप्टमध्ये एक्सने सुरू होणारी साधनं असतील तर ती बदलावी लागतील. क्लिपबोर्डसाठी 'एक्सक्लिप'च्या जागी डब्ल्यूएल-क्लिपबोर्ड हे पॅकेज. त्यात 'डब्ल्यूएल-कॉपी' आणि 'डब्ल्यूएल-पेस्ट' मिळतात. 'एक्सरँडआर'ऐवजी प्लाझ्मात 'केस्क्रीन-डॉक्टर', स्वेसारख्या कंपोझिटरांवर 'डब्ल्यूएलआर-रँडआर'. 'एक्समॉडमॅप' आणि 'सेटएक्सकेबीमॅप' यांचा डेस्कटॉपवर परिणाम होत नाही. कीजची अदलाबदल 'कीडी' या सेवेने करा, ती कंपोझिटरच्या खालच्या पातळीवर चालते म्हणून सगळीकडे लागू होते.

'एक्सडूटूल'ला पूर्ण बदली नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. 'वायडूटूल' की आणि क्लिक पाठवू शकतं, पण अमुक नावाची विंडो शोध आणि पुढे आण, हे त्याच्याकडून होत नाही. प्लाझ्मात केविनची स्क्रिप्ट लिहून ते साधतं, ग्नोममध्ये एक्स्टेन्शन लागतं. विंडो हलवणारं ऑटोमेशन हेच तुमचं पोटापाण्याचं काम असेल आणि डिस्ट्रो एक्स११ देत असेल, तर तिथेच थांबा.

दूरवरून डेस्कटॉप चालवायला ग्नोममध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, रिमोट डेस्कटॉप हे पान आहे आणि ते आरडीपी हा दूरस्थ डेस्कटॉपचा प्रोटोकॉल वापरतं. कोणी लॉगिन नसलेल्या मशीनवर बाहेरून नवं सेशन उघडायची सोय ग्नोम ४६पासून मिळते. प्लाझ्मात आरडीपी ६.१पासून आहे. ऑटो-लॉगिन लावलेल्या ग्नोम मशीनवर जोडणी होत नसेल तर कीरिंग (पासवर्ड साठवणारी पेटी) तपासा: पासवर्ड न टाकता आत आल्यामुळे ते कुलूपबंद राहतं आणि आरडीपीचा पासवर्ड त्यातच ठेवलेला असतो. एसएसएचवरून एकेक प्रोग्राम आणायचा तर 'वेपाइप' आहे.

स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांनी ग्नोम ४८ किंवा पुढची आवृत्तीच घ्यावी. ऑर्का या स्क्रीन रीडरला कॅप्सलॉकसारखी की स्वतःकडे वळवून घेण्याची नीट सोय वेलँडवर तिथे आली. एचडीआर प्लाझ्मात ६.०पासून आणि ग्नोममध्ये ४८पासून आहे, आणि त्याची वाट पाहणाऱ्यांना वेलँडशिवाय पर्याय नाही.

## बिघडलं तर

स्क्रीन गोठली तर कंट्रोल+ऑल्ट+एफ३ दाबा, मजकुराच्या लॉगिनवर नाव आणि पासवर्ड द्या. 'जर्नलसीटीएल' कमांड 'वजा बी' आणि 'वजा ई' या पर्यायांसह चालवली की या बूटमधल्या शेवटच्या नोंदी दिसतात. त्यात 'ग्नोम-शेल' किंवा 'केविन अंडरस्कोर वेलँड' शोधा. ग्नोममध्ये ऑल्ट+एफ२ दाबून 'आर' लिहिलं की शेल नव्याने सुरू व्हायचं, ती सोय वेलँडवर नाही: कंपोझिटरच सर्व्हर असल्यामुळे तो पडला की उघडे प्रोग्रामही जातात. प्लाझ्मा ६मध्ये केविन पडला तरी क्यूटीवर बांधलेले प्रोग्राम सहसा वाचतात. शेलची एक्स्टेन्शन्स वापरत असाल तर पहिला संशय त्यांच्यावर घ्या आणि सगळी बंद करून बघा.

त्यानंतर मशीनवर एक नवं, कोरं यूजर खातं उघडा आणि तेच काम तिथून करा. तिथे अडचण नसेल तर दोष तुमच्या होम फोल्डरमधल्या जुन्या सेटिंग्जचा आहे, ड्रायव्हरचा नाही, आणि शोधायची जागा निम्म्याने कमी होते. तिथेही तसंच होत असेल तर तक्रार नोंदवा. तक्रारीत डिस्ट्रो, डेस्कटॉपची आवृत्ती, कार्ड आणि ड्रायव्हरचा आकडा, मॉनिटर किती आणि कोणत्या स्केलवर आहेत, आणि तो प्रोग्राम थेट वेलँडवर आहे की एक्सवेलँडवर, हे सगळं लिहा. विंडो किंवा मॉनिटरशी संबंधित दोष कंपोझिटरच्या ट्रॅकरवर जातो, म्हणजे मटर किंवा केविनच्या. स्क्रीन शेअरिंगचा दोष आधी त्या डेस्कटॉपच्या जोडीदार पोर्टलकडे.